सुभेदारांचा कॉम्प्युटरवरचा पहारा

"आवं, कर्नल हुता म्हंता, मग तेचं त्वांड बघितलंसा काय?" परातीतलं पीठ तसंच टाकून बनुबाई सोप्यात येऊन उभी राहिली होती.

"फोनवर त्वांड दिसतं व्हय?" सुभेदार हंबीरराव गरजले. "आवाज ऐकला की! काय ती रुबाबदार हिंदी! आसली हिंदी साधा मानूस बोलंल व्हय?"

"चोर बोलतोय की!"

सुभेदार ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. पण आज त्यांची नजर बायकोकडं वळेना. ती टेबलावरच्या कॉम्प्युटरला चिकटली होती. पडदा लालभडक झालेला, मधोमध कुलूप आणि खाली पैसे भरण्याची इंग्रजी धमकी. त्या कुलपाआड जयराज होता.

जयराज म्हणजे त्यांचा एकुलता लेक. गेल्या साली वडूजहून येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याचा मोबाईल तिथंच रस्त्यावर चुरा झाला. उरलं ते त्यानंच हौसेनं आणलेल्या ह्या डब्यात. त्याचं खदाखदा हसणं, बैलाला हाळी देणं, "आये, चहात साखर घातलीस का वाळू?" म्हणून आईला डिवचणं. रोज दिवेलागण झाली की बनुबाई त्यातली एक क्लिप ऐकायची. मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

ह्या डब्याचं रक्षण सुभेदारांनी अंगावर घेतलं. गावात कुणाच्या तरी कॉम्प्युटरला व्हायरस लागल्याचं कानावर आलं, आणि हा माणूस पेन्शनीतनं परत ड्यूटीवर हजर! कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मारली. पासवर्ड रोज बदलू लागले, पलटणीत पहाऱ्याला परवलीचा शब्द बदलतात तसा. बनुबाई क्लिप बघायला आली तरी आधी, "परवली बोल!" (तिनं एकदा अशी कचकचीत शिवी हासडली, की पुढं आठवडाभर त्यांनी तीच परवली ठेवली.)

मुलगी राजेश्वरी कराडला कॉलेजात शिकवते. मागं आली तेव्हा म्हणाली, "आप्पा, दादाच्या क्लिपा ह्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवते. एकाच जागी नकोत."

"भायेरचा पेनड्राइव्ह म्हंजे घुसखोर! आत सोडनार न्हाई."

"अहो आप्पा, माझा आहे तो!"

"घुसखोर वळखीच्याच कापडात येतो."

पोरगी पाय आपटत परत गेली.

आणि आज सकाळी तो फोन आला. "सुभेदार साहब? सायबर हेडक्वार्टर से कर्नल बोल रहा हूँ. आपके कम्प्यूटर में दुश्मन घुसा है."

सुभेदार ताडकन उठून सावधान झाले. (पायात काही नव्हतं, म्हणून आधी बूट घालून आले.) आता, कर्नलला सुभेदार उलटा प्रश्न विचारत नसतो, सबंध नोकरीत ह्यांनी कधी विचारला नव्हता. कर्नल म्हणाला ते टाइप केलं, म्हणाला तिथं बटण दाबलं. परवली मागितली, तीही खणखणीत आवाजात दोनदा सांगितली. शेवटी "जय हिंद, साब!" म्हणून कडक सलाम ठोकला. सलामाचा हात खाली यायच्या आत पडदा लाल.

हे कळल्यावर राजेश्वरीनं चार जाणकारांना विचारलं आणि दुपारी फोन केला. "आप्पा, पैसे भरू नका. ते लोक काही परत देत नसतात. क्लिपा गेल्या."

"आपुन दुसरा कॉम्प्युटर घिऊ," सुभेदार पुटपुटले.

"डबड्याला काय जाळायचंय? माजं प्वार हुतं त्यात!"

"माजं न्हवतं व्हय? म्याच पहारा दिला न्हवं येवढा!"

"दिला की! पोटच्या पोरीला दारात आडवलीसा, आन चोराला सलाम ठोकून आत घेतलासा!"

"मला काय काळीज न्हाई व्हय गं?" सुभेदारांचा आवाज चढत गेला आणि वर जाऊन फाटला. "मी काय जानूनबुजून केलं? मला काय... मला काय पोरगा नगं झालाता?" पत्रा दणाणला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

डोळे मिटून, मान जराशी कलती करून बनुबाई नुसती ऐकत होती. ते बघून सुभेदार चरकले आणि मधेच थांबले.

"थांबू नगासा, वरडा आजून," ती डोळे न उघडता म्हणाली, "पोराचा आवाज हुबेहूब तुमच्यावानीच हुता, निस्तं त्याच्यात डोस्कं जास्त हुतं."