बार्तुलची चार चाकं

तपासणीत बार्तुलची गाडी नापास होणं शक्यच नव्हतं. हे तो एकटाच म्हणत नव्हता, अख्खं बेट म्हणत होतं. कारण सगळ्या बेटावर धड म्हणावीत अशी चारच चाकं होती, आणि ती चारही बार्तुलच्या गाडीला होती.

म्हणूनच राजधानीतून, झाग्रेबहून, मुलीचा फोन आला तेव्हा त्याने जरा जास्तच छाती फुगवली. नेवेंकाचं म्हणणं साधं होतं. आई गेल्यापासून बाबा वरच्या गावात एकटे राहतात. दुकान खाली, दवाखाना खाली, बोटीचा धक्का खाली. गाडी चालते आहे तोवर ठीक. ती बंद झाली की बाबांनी मुकाट्याने झाग्रेबला यायचं आणि लिफ्टच्या घरात राहायचं.

"मग लाव पैज," बार्तुल म्हणाला. "तपासणीत पास झाली तर वर्षभर हा विषय काढायचा नाही."

"आणि नापास झाली तर?"

"तर तू म्हणशील त्या बोटीने येतो."

"शब्द देताय, बाबा?"

"दिला."

नेवेंका बापाला ओळखून होती. तिने आणखी एक गोष्ट बजावली: रांगेत पहिला नंबर लावा, आधी स्वतःची गाडी पास करून घ्या, मग काय ती चाकं गावभर वाटा. बार्तुल हो हो म्हणाला. सिगारेट सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरला माणसं ज्या सुरात हो म्हणतात, अगदी त्याच सुरात.

आता ही चाकं वाटण्याची भानगड काय, ते सांगायला हवं. बेटावर पूर्वी मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा थकलेल्या पगारापोटी मालकांनी कारखान्याच्या छोट्या चौकोनी गाड्या कामगारांच्या गळ्यात मारल्या. त्यामुळे बेटावर ज्याच्या-त्याच्या दारात तीच गाडी. रंग निरनिराळे, पत्रा सारखाच गंजलेला, आणि एकाचं चाक दुसऱ्याला बिनतक्रार बसणार. टायर मात्र सगळ्यांचे गुळगुळीत. नवे आणायचे तर बोटीने पलीकडे जा, अर्धा दिवस घालवा, ओझं वाहून आणा, आणि तेही कशासाठी? बेटावर रस्ता एकच, आणि त्यावरून जोरात जाऊन पोचण्यासारखं काहीच नाही.

बार्तुलची चाकं त्याच्या बायकोने, पेरीनाने घ्यायला लावली होती. ती आजारी पडली त्या शरद ऋतूत तो तिला दर आठवड्याला हॉस्पिटलसाठी धक्क्यावर सोडायला न्यायचा, आणि त्या उतारावर गाडी घसरायची. "आजारपणाला त्याचं काम करू दे," ती म्हणाली होती, "तू मध्ये घाई करू नकोस. टायर घे." त्याने घेतले. पुढे तिला फार दिवस न्यावं लागलं नाही. चाकं नवीच राहिली.

पहिल्या वर्षी येर्को आला होता, खालच्या गावातला कोळी. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, काका, तपासणीपुरती चाकं मिळतील का? पुढच्या वर्षी दुकानवाली दोब्रीला आली. मग सगळेच. तपासणीच्या आधी आठ-पंधरा दिवस बार्तुलच्या दारावर थाप पडायची. कुणी खारवलेले मासे आणायचं, कुणी बकरीचं चीज, कुणी सुके अंजीर. घरची दारू निघायची, तासभर बसणं व्हायचं. उरलेलं वर्ष तो चढ चढून कुणी येत नसे. बार्तुल हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण त्या पंधरा दिवसांची तो वर्षभर वाट बघायचा.

तपासणीचा ट्रक वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, सकाळच्या बोटीने यायचा आणि त्याच बोटीने संध्याकाळी जायचा. या वर्षी तो आला तोच दक्षिणेचा वारा घेऊन. आभाळ खाली आलेलं, समुद्र शिशाच्या रंगाचा, आणि सगळ्यांची डोकी दुखत असलेली. हा वारा सुटला की बेटावर नवराबायकोची भांडणंसुद्धा उद्यावर टाकतात, कारण कुणाच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो. अशा दिवशी कुठलंही काम काढू नये. पण ट्रकला कोण सांगणार?

इन्स्पेक्टर रातिमीरने नेहमीप्रमाणे कारखान्याच्या जुन्या भिंतीच्या अलीकडे आपलं यंत्र मांडलं. भिंतीच्या पलीकडे येर्कोने दोन जॅक आणि पाना मांडला. बार्तुलची लाल गाडी दगडांवर चढली, तिची चाकं निघाली.

"काका, आधी तुमची गाडी नेऊ या," येर्को म्हणाला. "वारा बरा नाही."

"मी शेवटी."

"अरे, जा की पहिला," दोब्रीला म्हणाली. "तुला काय आरती ओवाळून न्यायचंय?"

पण बार्तुल हलला नाही. लग्नघरचा यजमान पहिल्या पंगतीला कधी बसतो का? सगळ्यांचं जेवण झालं, कुणाला काय हवं-नको ते पाहिलं, की मग त्याने हात धुवायचे. त्या एका दिवशी बार्तुल अख्ख्या बेटाचा यजमान असायचा. मुलीला दिलेला शब्द त्याला आठवत होता, नाही असं नाही. पण शेवटचा काय आणि पहिला काय, चाकं तर तीच.

गाड्या एकामागून एक भिंतीला वळसा घालून जात होत्या आणि पास होऊन परत येत होत्या. मागच्या उन्हाळ्यात होडी रंगवताना एका टायरवर निळा रंग सांडला होता. तो निळा डाग सकाळपासून रातिमीरपुढे फिरत होता. इन्स्पेक्टर प्रत्येक वेळी वाकायचा, टायरच्या नक्षीत बोट घालायचा, डागाकडे बघायचा आणि कॉफीचा घोट घ्यायचा.

दुपारनंतर वारा वाढला. बोटीच्या कप्तानाने निरोप पाठवला की लवकर निघावं लागेल. तेव्हा दोनच गाड्या उरल्या होत्या, एक फादर आंजेल्कोंची आणि एक बार्तुलची. फादरांची गाडी पास झाली, भिंतीमागे आली, येर्कोने जॅक लावला, आणि फादरांचा फोन वाजला.

बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली लुत्सिया म्हातारी शेवटचा श्वास घेत होती. मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन फादरांनी ताबडतोब यावं, असं तिची सून रडत सांगत होती.

फादर गाडीत बसले. मग खिडकीची काच खाली करून त्यांनी बार्तुलकडे पाहिलं. सगळ्यांनीच बार्तुलकडे पाहिलं. येर्कोच्या हातात पाना तसाच होता.

"बार्तुल, जाऊ ना मी?" फादरांनी विचारलं.

आता अशा वेळी माणसाने काय म्हणायचं? बाई मरते आहे, तिला म्हणावं जरा दम धर, नट काढायचेत? बार्तुलला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं, आणि सुरुवात करायला हा प्रसंग फारच वाईट होता.

"जा फादर," तो म्हणाला. "सावकाश जा, वळणावर ओलं आहे."

फादर गेले. बार्तुलची चाकंही गेली. उरली ती फादरांची जुनी, भिंतीला टेकून ठेवलेली, फादरांच्या डोक्यासारखीच तुळतुळीत. बोटीने पहिला भोंगा दिला. येर्कोने तीच चढवली आणि बार्तुल भिंतीला वळसा घालून गेला.

रातिमीर वाकला. त्याने नक्षीत घालायला बोट पुढे केलं, पण नक्षीच नव्हती. तो चारही चाकांभोवती फिरला.

"निळा डाग कुठाय?" त्याने विचारलं.

"फादर घेऊन गेले. लुत्सिया मरतेय."

रातिमीरने पुन्हा एकदा चाकांकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता.

"काका, मी इतकी वर्षं येतोय. एकदाही खोटं लिहिलं नाही. गाडी समोर आली, चाकं बघितली, चांगली होती, पास केली. पलीकडे काय चालतं ते बघायला मी कधी भिंतीमागे आलो नाही. पण समोर जे आहे ते मला दिसतं ना? हे मी कसं पास करू?"

"बाकी सगळं ठीक आहे ना?"

"ब्रेक ठीक, दिवे ठीक, खालचा पत्रा ठीक. खरं सांगू का, आज आलेल्या गाड्यांत हीच एक गाडी आहे." त्याने सुस्कारा सोडला. "पण चाकं नाहीत."

दोब्रीला मध्ये पडली. फादर आत्ता येतील, थोडं थांबा, कॉफी घ्या. बोटीने दुसरा भोंगा दिला. रातिमीर यंत्र गुंडाळायला लागला. मग बार्तुलने विचारलं की दुसरं तपासणी केंद्र कुठे आहे. रातिमीरने समुद्राकडे हात केला.

"तिकडे. बोटीतून उतरलात की डाव्या हाताला, शहराच्या पार बाहेर."

"मग उद्या चाकं लावून घेऊन येतो गाडी."

"चालवत?"

"मग काय खांद्यावर?"

"नापास गाडी तिकडच्या रस्त्यावर चालवता येत नाही, काका. पोलीस धक्क्यावरच उभे असतात."

"म्हणजे तपासणी व्हायला तिथे जायला हवं, आणि तिथे जायला तपासणी व्हायला हवी."

"तसंच," रातिमीर म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. ट्रक बोटीत चढला. बोट गेली. त्या दिवशी बेटावरच्या सगळ्या गाड्या पास झाल्या, बार्तुलची सोडून.

फादर दिवेलागणीला परत आले, ते अगदी खुशीत. लुत्सियाने दुपारी कोबी आणि मटण जरा जास्त खाल्लं होतं, बाकी काही नाही. तेलाचा वास नाकात जाताच ती उठून बसली आणि म्हणाली, माझ्यावर एवढ्यात काही ओतू नका. मग तिने स्वतः उठून गोड वडे तळले. फादरांनी बार्तुलसाठी ताटलीभर आणले होते. भिंतीमागची तोंडं पाहून फादरांना सगळा प्रकार कळला आणि ते कितीतरी वेळ माफी मागत राहिले. बार्तुलने वडे खाल्ले. चांगले झाले होते, हे त्याला कबूल करावं लागलं.

येर्को तिथल्या तिथे चाकं बदलायला निघाला. बार्तुल म्हणाला राहू दे, फादरांना फिरावं लागतं, माझी गाडी आता कुठे जाणार आहे?

रात्री त्याने मुलीला फोन केला. खोटं बोलता आलं असतं. झाग्रेबला बसून तिला काय कळणार होतं? पण पेरीनाला तो कधी खोटं बोलला नव्हता, आणि फोनवर नेवेंकाचा आवाज हुबेहूब आईसारखा यायचा.

"पहिला नंबर लावला होतात ना?" तिने विचारलं.

"शेवटचा," तो म्हणाला. "मी घ्यायला येते," एवढंच ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवारच्या बोटीने जायचं ठरलं. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, ऑलिव्हच्या तेलाचा डबा, पेरीनाचा फोटो. धक्क्यापर्यंत चालत जावं म्हणून बार्तुलने सकाळी दार उघडलं, तर बाहेर गाड्यांची रांग. अख्खं बेट तो चढ चढून आलं होतं. प्रत्येकाला त्याला सोडायला जायचं होतं, आणि का नाही? सगळ्यांच्या गाड्या पास होत्या. येर्को आणि दोब्रीलामध्ये बॅगेवरून ओढाताण झाली. शेवटी बार्तुल फादरांच्या गाडीत बसला.

उताराच्या वळणावर रस्ता ओला होता. गाडी जराही घसरली नाही.

"चाकं छान धरतात," फादर अवघडून म्हणाले.

"पेरीनाची निवड," बार्तुल म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

धक्क्यावर सगळ्यांनी मिठ्या मारल्या, गालाला गाल लावले. कुणी डोळे पुसले. बार्तुल वाट बघत होता. कुणीतरी एकाने म्हणावं, बार्तुल, जाऊ नकोस. एवढंच. मग त्याने बॅग खाली ठेवली असती, दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

दोब्रीला पुढे आली. तिने त्याच्या कोटाचं बटण नीट केलं, नाक ओढलं आणि हळूच विचारलं, "चाकं इथेच ठेवतोस ना? म्हणजे पुढच्या वर्षी..."

"ठेवा," बार्तुल म्हणाला.

पलीकडच्या धक्क्यावर नेवेंका उभी होती. तिने बापाला घट्ट धरलं, बॅगा उचलल्या, त्याचा हात धरून गाडीपर्यंत नेलं. चांदीच्या रंगाची, धुतलेली, चकचकीत गाडी. बार्तुलची मान सवयीने खाली गेली. तो वाकला आणि त्याने पुढच्या टायरवर बोट फिरवलं. गुळगुळीत! किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"पोरी, तुझी तपासणी कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात. का हो?"

"ही पास होणार नाही. नावच नको." तो ताठ उभा राहिला. त्याच्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं: येर्कोला फोन, फादरांची गाडी दगडांवर, चाकं सकाळच्या बोटीने. ती या गाडीला बसतील का, हे त्याच्या मनातही आलं नाही. चाकांबरोबर कुणीतरी माणूसही येईल, बसेल तासभर. "तू काळजी करू नकोस. मी आत्ता चार चाकं मागवतो."

नेवेंकाने सामान ठेवून डिकी बंद केली.

"अहो बाबा, कशाला? वाटेत दुकान आहे, नवे टाकून घेते. त्यात काय एवढं!"

ती गाडीत बसली. बार्तुलने खिशातून अर्धा काढलेला फोन परत आत सारला आणि तोही बसला.