डोक्यामागचा रंग

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी डोक्याला तेल लावत नाही. (लावतो, पण लोक म्हणतात तेवढं नाही.)

हे पहिल्यांदाच सांगायचं कारण असं, की आमच्या घरी सध्या जो येतो तो माझ्या डोक्याबद्दल बोलतो, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. तुम्हीही सगळं ऐकून हसणार, हे मला दिसतंय. हसा. पण निदान माझी बाजू ऐकून घ्या आणि मग हसा. घरात कुणी तेवढंही केलं नाही.

आमच्या हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीला लागून माझी एक खुर्ची आहे. मी ऑफिसात आवक-जावक विभागात बसतो. तिथे माझं टेबल नेमकं कपाट आणि दरवाजा यांच्या मध्ये आहे, त्यामुळे दिवसभर जो येतो तो मला "जरा सरकता का" म्हणतो. मी सरकतो. बसमध्ये सरकतो, लिफ्टमध्ये सरकतो, झोपेतसुद्धा सरकतो. संध्याकाळी घरी येऊन त्या खुर्चीत बसलं, पाठ टेकली, डोकं मागे भिंतीला लावलं, की मग मात्र मला कुणी सरकवत नाही. अख्ख्या जगात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा. तिथून टीव्ही दिसतो, दार दिसतं आणि स्वयंपाकघरात माझ्याबद्दल काय बोलणं चाललंय तेही ऐकू येतं.

एका रविवारी बायकोनं झाडता झाडता ती खुर्ची पुढे ओढली. मी तिच्यात बसलेलो असताना.

"उठा आणि हे बघा," ती म्हणाली.

आमची भिंत क्रीम रंगाची. त्या क्रीम रंगावर एक चांगला ताटाएवढा तपकिरी डाग पडलेला.

"हे तुमच्या डोक्याचं," बायको म्हणाली.

"ओल आली असेल."

"बरोब्बर तुमच्या डोक्याच्या उंचीवर?"

"ओल काय पट्टी घेऊन येते का? जिथे आली तिथे आली."

"ओल आली असती तर खालून आली असती. ही तेलातून आलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (आणि मस्तकाचाच विषय चालू असल्यामुळे तिथेच राहिली.) मी म्हणालो, मी इतक्या वर्षांचा संसारी माणूस, माझ्यावर असले आरोप पुराव्याशिवाय करायचे नाहीत. तिनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला. बायको झाडू हातातून ठेवते तेव्हा तो बोलण्याचा विषय राहिलेला नसतो, निर्णय झालेला असतो.

"ठीक आहे. ही एक भिंत रंगवून घेऊ. आणि त्यात हा डाग डोक्याचा ठरला, तर ही खुर्ची बाल्कनीत जाईल."

"आणि नाही ठरला तर?"

"तर मरेपर्यंत बसा."

मी कबूल झालो. फक्त एक भिंत, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. मला जे वाटतं त्याची पुढे काय गत होते हे माहीत असूनही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मेहुणी आली. बायकोची ही धाकटी बहीण फोनवरून गृहसजावटीचा कोर्स करते. कोर्स अजून संपलेला नाही, पण अधिकार आलेला आहे. तिनं सोफ्यावर शेड कार्ड पसरलं आणि जाहीर केलं, "ताई, क्रीम आता कुणी लावत नाही. आता गडद. गडद, उबदार आणि न्यूट्रल."

"न्यूट्रल म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे भाऊजी, जो आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण ज्याच्यावर सगळी खोली उभी असते."

"ते काम या घरात मी करतोच आहे."

कुणी हसलं नाही. दोघी कार्डात डोकं घालून बसल्या.

त्या कार्डातले सगळे रंग तपकिरी होते. मी शपथेवर सांगतो. फक्त प्रत्येकाला वेगळं नाव होतं. अक्रोड, मश्रूम, भाजलेली कॉफी, धुरकट मध, जुनं चामडं. मी एकावर बोट ठेवून "हा तपकिरी चांगला आहे" म्हणालो, तर मेहुणीनं माझं बोट उचलून बाजूला ठेवलं.

"हा तपकिरी नाही, भाऊजी. याच्यात लाल छटा आहे."

"मग हा?"

"हा हिरव्याकडे झुकतो."

मी कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. तो कुठेही झुकत नव्हता. इतका संताप आला, की कार्डाची घडी घालून टाकावी म्हटलं, तर ती घडीही मला जमली नाही. मेहुणीनं हातातून घेऊन एका झटक्यात घातली.

मग पेंटर आला. या माणसाचा फोन कायम कान आणि खांदा यांच्यामध्ये असायचा. आपल्याशी बोलतोय की फोनशी, हे त्याला स्वतःलाही कळत नसावं. "कार्डावर काही कळत नाही, भिंतीवर मारूनच बघा," असं तो कुणाला तरी म्हणाला, आणि ते आम्हालाच म्हणाला असं धरून आम्ही हो म्हटलं.

त्यानं सगळं सामान मध्ये ओढलं, सोफ्यावर, टीव्हीवर आणि माझ्या खुर्चीवर प्लास्टिक टाकलं. हॉल आपला वाटेनासा झाला. मग त्यानं भिंतीवर कागदी टेपच्या चौकटी आखल्या आणि फोनवर भावकीचं भांडण सोडवत सोडवत एकेका चौकटीत एकेक नमुना मारून टाकला. कुठला डबा कुठल्या चौकटीत गेला, याची नोंद त्यानं भिंतीवर केली नाही आणि डोक्यात तर नाहीच नाही.

ते चौकोन वाळल्यावर परीक्षा सुरू झाली. सकाळच्या उजेडात एकदा, दुपारी एकदा, दिवा लावून एकदा. मेहुणी प्रत्येक चौकोनासमोर उभी राहायची, मान तिरकी करायची आणि नाक मुरडायची. हा फार थंड. हा अंगावर येतो. हा दवाखान्यासारखा. बायको मागून "हो ना" म्हणायची. मी मागून काहीच म्हणायचं नाही, असं ठरलं होतं.

आणि मग मेहुणी मधल्या चौकोनापाशी येऊन गप्प झाली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हा बघ."

बायको पुढे आली. तीही गप्प झाली. आमच्या घरात दोन्ही बहिणी एकदम गप्प होण्याचा हा पहिलाच प्रसंग, म्हणून मीही पुढे गेलो.

खरं सांगतो, सुंदर रंग होता. धड तपकिरी नाही, धड करडा नाही. मध्ये गडद, कडेला किंचित उतरत गेलेला. का कोण जाणे, पण मला त्या रंगाबद्दल पहिल्या नजरेतच आपलेपणा वाटला.

"याच्यात खोली आहे," मेहुणी म्हणाली. "असा डबल टोन कंपनीच्या रंगात मिळत नाही, ताई."

"डोळ्यांना किती शांत वाटतं," बायको म्हणाली.

इथे सगळं सुखानं संपलं असतं. पण मेहुणीचा जीव एका रंगावर थोडाच टिकतो. जरा वेळानं तिला शेजारचा अक्रोड बरा वाटायला लागला, आणि बायको लगेच "हो ना" म्हणाली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी भिंतीवर हात आपटला आणि आवाज चढवला. म्हणालो, या घरात आजवर पडदे तुमच्या पसंतीचे, चादरी तुमच्या पसंतीच्या, माझे शर्टसुद्धा तुमच्या पसंतीचे. एकदा, फक्त एकदा, मला काहीतरी आवडलंय. हा रंग लागेल नाहीतर कुठलाच लागणार नाही.

मग बायको म्हणाली, "बरं. तुमच्या मनासारखं होऊ दे. मागाहून कुरकुर करायची नाही मात्र."

"करणार नाही," मी छाती काढून म्हणालो. घरात मी जिंकलो होतो. सवय नसल्यामुळे जरा चक्कर आल्यासारखं झालं.

पेंटरला रंगाचं नाव विचारलं, तर तो म्हणाला आता काही सांगता यायचं नाही. त्यानं त्या चौकोनाचा एक पोपडा खरवडून कागदात गुंडाळून दिला. दुकानात मशीन असतं, त्याला नमुना दाखवला की तस्साच रंग तयार करून देतं.

मी आणि बायको दुकानात गेलो. दुकानदारानं पोपडा मशीनखाली ठेवला. मशीन जरा वेळ घुमलं आणि बंद पडलं. त्यानं पोपडा बाहेर काढला, दोन बोटांत चोळला, बोटांकडे पाहिलं आणि मग बोटं नाकाशी नेली.

"हा कुठल्या कंपनीचा?"

"ते तुम्ही सांगायचं," मी म्हणालो.

"हा रंगच नाही, साहेब. हे तेल आहे. केसांच्या तेलासारखा वास येतोय."

मी भडकलो. गिऱ्हाइकाच्या पसंतीला नावं ठेवायची ही कुठली पद्धत, तुमचं मशीन बिघडलंय, तुमचं नाक बिघडलंय, असं बरंच काही मी मोठ्यानं बोललो. दुकानातले लोक जमा झाले. माझ्या बोलण्याच्या भरात एवढंच लक्षात आलं नाही, की बायको मघापासून एक शब्द बोललेली नाही. तिनं पोपडा हातात घेतला. वास घेतला. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग परत पोपड्याकडे. तिचं बघून दुकानदारानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या दुकानानंच पाहिलं.

"पुन्हा मशीनला लावा," बायको शांतपणे म्हणाली. "आम्हाला हाच रंग हवाय. ह्यांचा फार जीव आहे त्याच्यावर."

घरी आल्यावर मी पुरावा मागितला. वास म्हणजे पुरावा नव्हे. बायकोनं पेंटरला बोलावलं आणि मधल्या चौकोनाकडे बोट दाखवलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा फोन खाली घेतला.

"हा मी नाही मारला, मॅडम. हा आधीचाच होता. मला वाटलं साहेबांनीच घरी करून बघितलाय, म्हणून मी नुसती टेप लावून घेतली आणि आजूबाजूला माझे मारले."

"साहेबांनीच केलाय," बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी माझी खुर्ची बाल्कनीत गेली. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला फुटकी बादली आणि डोक्यावर वाळत घातलेल्या चादरी. मान टेकायला गेलो की ओला टॉवेल गालाला लागायचा. टीव्हीचा नुसता आवाज यायचा. आणि पहिल्याच दिवशी बायको कपड्यांची टोपली घेऊन आली आणि म्हणाली, "जरा सरकता का?" मी सरकलो. सांगायला लाज वाटते, पण त्या चादरींखाली मला रडू येईल की काय असं वाटलं. ते आलं नाही, कारण राग जास्त होता.

इकडे मशीननं शेवटी काढून दिलेल्या त्याच रंगात भिंत पूर्ण झाली. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. मेहुणीनं फोटो काढून आपल्या कोर्सला पाठवले, मग भिंतीवर तळहात फिरवत म्हणाली, "ताई, काय रंग आहे गं. शेडचं नाव काय?" बायकोनं सांगितलं. मेहुणीनं तळहात ओढणीला पुसला. पण फोटो परत मागवले नाहीत.

मला बाल्कनीत विचार करायला भरपूर वेळ होता, आणि विचार करता करता माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी उठून तडक हॉलमध्ये आलो.

"मला बाहेर का काढलं?"

"डाग पडतो म्हणून," बायको म्हणाली.

"डाग कुठल्या रंगाचा?"

ती भिंतीकडे बघायला लागली.

"सगळी भिंतच आता त्या रंगाची आहे," मी म्हणालो. "मी जन्मभर डोकं टेकलं तरी दिसणार नाही. दिसला डाग तर दाखव. खुर्ची आत आण."

बायकोनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. हसू आवरत ती म्हणाली, "या आत." आणि खुर्चीचा एक पाय तिनं स्वतः धरला. एवढंच नाही, तर भिंतीला शोभेल असं तपकिरी कव्हरही तिनं खुर्चीला शिवलं, आणि उरलेल्या कापडाचा मला एक शर्ट शिवला.

परवा संध्याकाळी मी जिंकलेल्या माणसासारखा त्या खुर्चीत बसलो होतो. तपकिरी शर्ट, पाठ टेकलेली, डोकं भिंतीला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. माझ्या बरोब्बर समोर सोफ्यावर बसले. भिंतीकडे बघून वा वा म्हणाले, चहा प्यायले, पाण्याच्या टाकीबद्दल सविस्तर बोलले. मग कप खाली ठेवून त्यांनी बायकोला विचारलं,

"साहेब आले नाहीत का अजून ऑफिसातून?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "आलेत की. भिंतीकडे नीट बघा ना."

त्यांनी नीट बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

"रंग मात्र छान निवडलात हो, वहिनी," ते म्हणाले, आणि गेले.