कारवाडीच्या चढाची अधिकृत नोंद

सरकारी रस्त्याला नुसता चढ असून भागत नाही. तो कागदावरही चढावा लागतो. मढच्या पलीकडच्या कारवाडीचा चढ पिढ्यान्‌पिढ्या जागेवर होता, पण १९९८ सालापर्यंत कागदावर नव्हता. नोंद झाली, तर तो तासून मिळणार होता.

मोजायला खात्याने कळंबच्या भरतला पाठवलं. नवा ज्युनिअर इंजिनिअर, बूटही नवे. त्याने रस्त्याच्या दोन टोकांना काठ्या रोवून मोजलं : शंभर मीटरला आठ मीटर. अगदी सभ्य चढ.

"साहेब, टोकाला कशाला? ह्या जांभळीपाशी मोजा," भाताचं पोतं घेऊन जीपमधून उतरलेली लंकाबाई म्हणाली. "गाडी हितंच मरती. मंग आमी ढकलतो."

भरतला पटलं. चढ जागोजाग निराळा. एकाच जागेचा हवा, तर दुसरी काठी तिच्याजवळ आणत जायची. त्याने जांभळीपासून दहा मीटर धरले, मग एक मीटर, मग वीतभर, मग बोटभर. उंची आटली, अंतर आटलं, पण दोघांचं प्रमाण सहास एकाकडे, म्हणजे सहा मीटरला एक मीटर चढाकडे, सरकत राहिलं. कॉलेजात न समजलेलं गणित रस्त्यात ओणवं होऊन समजलं, म्हणून तो (गुडघे सोलूनही) खूश झाला.

खात्यातल्या त्याच्या वरच्या साहेबांनी अहवाल वाचला. "सहास एकाच्या जवळ जातो म्हणजे? पोचतो का?"

"हवं तितकं जवळ जाता येतं, साहेब."

"जवळ जाण्याला मंजुरी नसते. पोचल्यावर कळवा."

भरत पोचला. दोन्ही काठ्या एकाच खड्ड्यात रोवल्या. अंतर शून्य, उंचीतला फरक शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. भागाकार खात्याच्या अखत्यारीत येत नसल्याने साहेबांनी तो वगळला आणि शेरा मारला : 'चढ नाही.' तासायचं काम रद्द, 'सपाट रस्ता' असा फलक मंजूर.

फलकाच्या उद्घाटनाला साहेब जीपने आले. जांभळीपाशी जीप मेली. निम्मी वाडी ढकलायला लागली, भरतही लागला.

"लावा जोर, राव," लंकाबाई त्याला म्हणाली, "सपाटी लई खडी हाय."

साहेब आतच होते. त्यांना चढ खरोखर जाणवला नाही आणि नारळ फोडताना त्यांनी तसं सांगितलंही. कोणी हरकत घेतली नाही. सगळे धापा टाकत होते. (खात्याने ही एकमताने संमती मानली.)

आपल्याला वाचता वाचता हसू आलं असेल, तर संकोच नसावा. ढकलणाऱ्यांपैकी कोणी हसलं नव्हतं. म्हणजे आपणही आतच बसला होता.