ताईत : अर्थ, उगम आणि अंमलबजावणी

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात आदेश निघाला की, ज्या कर्मचाऱ्याच्या अंगावर अंधश्रद्धेचा ताईत आढळेल त्याची तत्काळ बदली होईल. आदेश वाचून भालचंद्रचा हात आपसूक दंडाकडे गेला. लेक तन्वीचं बारावीचं वर्ष. निदान यंदा तरी बदली टळावी म्हणून बायकोनं, लीलानं, तिथे ताईत बांधला होता. आता बदली व्हायची ती त्याच्याचमुळे!

पण ताईत म्हणजे नेमकं काय, हे आदेशात नव्हतं. घरी शब्दकोश असलेला एकमेव माणूस म्हणून टिपण लिहायचं काम भालचंद्रच्याच गळ्यात पडलं. गडी हाडाचा कारकून. जिवावर बेतलं तरी त्याला टिपण चुकीचं लिहवेना. त्यानं लिहिलं : ‘मूळ शब्द अरबी, तअवीज. अर्थ, आश्रय घेणे. वस्तू : संकट टळावे म्हणून अंगावर बाळगलेली, घडी घातलेली चिठ्ठी.’

कार्यालयाचे प्रमुख शैलेंद्रसाहेब खूश झाले. “वाह भालचंद्रजी! इसी के हिसाब से सबकी तलाशी होगी. शुरुआत मुझसे करो.”

सुरुवातीलाच घोळ झाला. साहेबांच्या खिशातून चार घड्यांची चिठ्ठी निघाली. कुठल्याशा मंत्र्याच्या बंगल्यावरची. ‘शैलेंद्र अपने आदमी हैं, भोपाल में ही रहें.’ नऊ वर्षं साहेब ती छातीशी बाळगून होते. व्याख्या तंतोतंत लागू पडत होती.

तपासणी समितीच्या मंदाकिनी मॅडमनी तोडगा काढला. “सर, अंधविश्वास तो वो, जिसका असर न हो. इसका तो नौ साल से असर है.”

चिठ्ठी सन्मानानं खिशात परत गेली.

मग भालचंद्रचा ताईत उघडला. आतल्या चिठ्ठीची अक्षरं घामानं पुसट झालेली. सही नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही.

“असर?” मॅडमनी विचारलं.

“अभी तक तो तबादला नहीं हुआ, मॅडम,” भालचंद्र चाचरत म्हणाला.

साहेबांनी तिथल्या तिथे त्याच्या बदलीच्या आदेशावर सही केली. “लो, हो गया.”

अंधश्रद्धा सिद्ध झाली. भालचंद्रला दूरचं, आडवळणाचं झाबुआ मिळालं.

घरी आल्यावर त्याला लेकीच्या तोंडाकडे बघवेना. लीला मात्र रडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, “अहो, साहेबांना चिठ्ठी देणारे ते बाबा बसतात कुठे?”

वाचकहो, हसा खुशाल. फक्त ‘कुठे अडलं तर माझं नाव सांगा’ म्हणून कोणीतरी दिलेलं ते कार्ड पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे ना, तेवढं बघून घ्या. घामानं अक्षरं जातात.