बाई सिमिलर

बोगस बियाणं नुसत्या पाकिटाच्या छपाईवरून ओळखणारा माणूस, अशी नत्थुजींची तेल्हाऱ्यात ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. बायकोच्या, मैनाबाईंच्या, संधिवाताचं इंजेक्शन घ्यायला ते अकोल्याच्या औषध दुकानात पहिल्यांदाच स्वतः आले, तेव्हा डबी उजेडात धरून त्यांनी दुकानदार अश्विनला विचारलं, "हे असलीच हाय ना?"

"बायोसिमिलर आहे, काका."

"बाई सिमिलर?" नत्थुजींनी बाकावर बसलेल्या मैनाबाईंकडे वळून पाहिलं. "बाई असलीच हाय. मी इंजेक्शनचं विचारून राह्यलो."

मूळ औषधासारखंच असतं, असं अश्विनने समजावलं आणि घोटाळा झाला. 'सारखंच' हा शब्द नत्थुजींनी कपाशीचं बियाणं घेताना एकदा ऐकला होता. त्या वर्षी वावरातली बोंडं मोजायला एका हाताची बोटं पुरली. त्यांनी डबी परत सरकवली.

इंजेक्शनची तारीख आजचीच होती. चुकलं, तर मैनाबाईंची बोटं पुन्हा पावसाळ्यातल्यासारखी आखडणार; भाकरी सोडाच, लुगड्याची निरीही चिमटीत धरता येणार नाही. तरी नत्थुजींनी आधी कृषी केंद्रवाल्या गोवर्धनला फोन लावला. त्याने लॉट नंबर विचारला आणि सवयीने सल्ला दिला, ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहा.

शेवटी मैनाबाईच उठल्या आणि नवऱ्याला शेजारच्या दवाखान्यात डॉ. प्रियदर्शनींपुढे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं: हे औषध जिवंत पेशींपासून बनतं, म्हणून दोन कंपन्यांचं तंतोतंत एक निघत नाही; एका वाणाची दोन झाडं तरी कुठे हुबेहूब असतात? पण गुणात आणि धोक्यात मूळ औषधापेक्षा फरक नाही, हे तपासल्यावरच परवानगी मिळते. ताप आला तर लगेच कळवायचं, आणि मूळ औषध असतं तरी हेच सांगितलं असतं.

नत्थुजी हटेनात. "पह्यले तीन महिने असली देल्लं तुमी, मॅडम. सप्पा गावाले सांगतलं मी, असली माल हाय म्हनून हिचे हात मोकळे झाले. आता काहून डुप्लिकेट?"

डॉक्टरांनी फाईल त्यांच्याकडे फिरवली. तिन्ही महिने तेच नाव, तीच कंपनी. पुतणी प्रणाली दर वेळी हेच घेऊन जात होती.

नत्थुजी फाईलही उजेडात धरू लागले, तशी मैनाबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते खुर्चीतून अर्धे उठले.

"द्या," ते म्हणाले. "हेच द्या."

बाहेर पडतात तोच गोवर्धनचा फोन. उगवण किती निघाली?

"शंभर टक्के," दंड चोळत नत्थुजी म्हणाले.