डोळे वर, तोंड खाली

मुठा गावातल्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये बहिरूअण्णा खुर्ची टाकून बसले होते, आणि भिंतीवरचं पहिलंच सॉकेट त्यांच्याकडे बघत होतं. अण्णांना ते बघणं पटलं नाही.

"दयानंद, हे उलटं बसवलंस."

दयानंद वायरमन भिंतीशी उकिडवा बसला होता. "न्हाई अण्णा. मोठं भोक वर, बारकी दोन खाली. समद्यांच्यात असंच असतंय."

"समद्यांचं मला सांगू नगंस. ही बारकी दोन म्हंजी डोळं. अन् हे मोठं, ते तोंड. तोंड कपाळावर असतंय व्हय रं? बैलाला बघ, माणसाला बघ, देवळातल्या देवाला बघ. डोळं वर, तोंड खाली. तुमच्यात काय कपाळानं जेवत्यात?"

घरधन्याशी वाद घातला की पुढचं काम दुसऱ्या वायरमनला जातं, हे दयानंद जाणून होता. "लाईट काय, दोनीकडनं येती," असं म्हणून त्याने सॉकेट फिरवलं आणि मोबाईलचा दोन पायांचा चार्जर लावून दाखवला. चार्जरला वरखाली कळत नाही. तो मुकाट चालू झाला. अण्णांनी मान डोलावली आणि बंगल्यातली झाडून सगळी सॉकेटं डोळे वर करून बसली.

अण्णांचंही चुकत नव्हतं. नदीकाठची जमीन शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांच्या बंगल्यांखाली गेली, बैल गेले, गडी गेले. ज्याच्यावर ओरडायचं ते एकेक करून सगळं गेलं आणि हुकूम ऐकायला भिंती तेवढ्या उरल्या.

बंगला बांधला होता तो लेकाच्या, सिद्धांतच्या लग्नासाठी. पोराला चौतिसावं लागलं होतं. जमीन होती तेव्हा मुलीकडचे विचारायचे, घर पक्कं आहे का? म्हणून जमीन विकून पक्कं घर बांधलं. आता ते विचारू लागले, जमीन किती आहे? सिद्धांतची आई गंगूबाई म्हणायच्या, "इचारणाऱ्याचं तोंड कदी मिटत न्हाई, अन् आमच्या पोराचं कदी उघडत न्हाई."

ते खरंच होतं. सिद्धांत घोटावड्याच्या एका कारखान्यात मशिनांच्या दुरुस्तीचा सुपरवायझर होता. तिथे त्याने हात वर केला की अख्खी लाईन थांबायची. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला सॉकेटं दिसली. त्याने स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांगितलं, "आई, सगळी उलटी बसवल्यात."

"मला काय सांगतुयास? त्यास्नी सांग."

तो हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय रं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. रंग बरा दिसतोय."

आठ दिवसांत घराने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. मिक्सरचा तीन पायांचा प्लग डोकं खाली करून बसवावा लागे. मग त्याची वायर खाली उतरायच्या ऐवजी नागासारखी वर निघे, आपल्याच भाराने वाकून खाली येई, आणि येताना प्लगला ओढून घेई. चटणी अर्धी वाटली जाई, अर्धी तशीच राही. फ्रीजचा प्लग एका दुपारी असाच निसटला आणि दूध नासलं.

"प्लगच उलटं काढल्यात कंपनीनं," अण्णा म्हणाले.

गंगूबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. प्रत्येक सॉकेटच्या वर एकेक खिळा मारून त्याला वायर टांगली. नव्या भिंतीचं प्लास्टर खिळ्यापाशी उडालं. ते झाकायला अण्णांनी दुकानदारांकडून कॅलेंडरं गोळा करून आणली. हॉलमधली सॉकेटं खाली होती, त्यामुळे तिथली कॅलेंडरं गुडघ्याइतक्या उंचीवर लागली. तिथी बघायची तर माणसाला उकिडवं बसावं लागे.

जात्यावरच्या ओव्या गंगूबाई आता मिक्सरपाशी म्हणत. मिक्सर घरघरायचा, मध्येच मुका व्हायचा, आणि त्या मुकेपणात ओवी हॉलपर्यंत ऐकू यायची.

"नव्या बाई बंगल्याच्या भिंतीला फुटलं तोंड,
माझ्या बाई लेकाच्या जिभंवर पडली धोंड."

"काय म्हणतीयास?" अण्णा विचारत.

"काय न्हाई. रंग बरा दिसतोय."

अशात बावधनचं एक स्थळ आलं. मुलगी दिशा तिथल्याच एका कंपनीत कामाला होती. सिद्धांत तिच्याशी फोनवर बोलला होता, आणि नवल म्हणजे अर्धा तास बोलला होता. मशिनांबद्दलच बोलला, पण ती ऐकत होती. आता घर बघायला येणार होते ती स्वतः, तिचे वडील विलासराव आणि आत्या आशालताबाई. सिद्धांतने नवा शर्ट घेतला. शीळ घालत दाढी करणारं पोर गंगूबाईंनी कित्येक वर्षांनी पाहिलं.

पाहुणे आले, बसले. विलासरावांनी भिंतीकडे बघून विचारलं, "कॅलेंडरं जरा खाली लावलीत?"

"बसल्या बसल्या दिसाया पायजेत," अण्णा म्हणाले.

आशालताबाईंनी पिशवीतून डबी काढली. "नव्या घरात रिकाम्या हाताने कसं यायचं? देवाचा दिवा आणलाय. तीन पायांचा, थेट प्लगमध्येच बसतो, वायरबियर काही नाही." असं म्हणत त्या स्वतःच वाकल्या, कॅलेंडर बाजूला सारलं, भोकं जुळतील तसा दिवा बसवला आणि बटण दाबलं.

गणपती उजळला. मुकुट फरशीकडे, पोट मधोमध, पाय छताकडे, आणि सगळ्यांच्या वर उंदीर.

आशालताबाईंनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"देव उलटा झाला की हो," विलासराव म्हणाले.

"देव न्हाई, तुमचा दिवा उलटा हाय," अण्णा म्हणाले.

"घरी लावून बघूनच आणलाय," आशालताबाई म्हणाल्या.

"मंग तुमचं घर उलटं असंल."

दिशाला हसू आलं. ते तिने ओढणीत लपवलं, पण ते चांगलं हसू होतं, आणि सिद्धांतच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "घराचं कशाला काढायचं? सॉकेट फिरवलं की झालं. सिद्धांत, तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर असेल ना? तुमचं तर रोजचंच काम."

स्क्रूड्रायव्हर सिद्धांतच्या खिशातच होता. बंगला बांधून झाल्यापासून तो रोज खिशात असायचा. सिद्धांत उठला, मेन स्विच बंद करून आला आणि भिंतीपाशी एक गुडघा टेकून बसला. उलटा गणपती विझला होता.

"त्या भितीला हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले.

सिद्धांतचा हात स्क्रूपाशी थांबला.

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या गंगूबाई म्हणाल्या, "अवं, लावू द्या की पोराला हात. धाडसानं बसलाय."

"तू च्या दे."

दिशा सिद्धांतकडे बघत होती. "तुम्हाला काय वाटतं? सरळ करायचं का नाही?"

साधाच प्रश्न होता. गंगूबाईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला. सिद्धांतने स्क्रूड्रायव्हर परत खिशात घातला.

"अण्णा म्हणत्यात, तर... राहू दे."

"बरं. आणि उद्या मी या घरात आले, आणि म्हटलं की पलंग खिडकीशी नको, भिंतीशी हवा, तर?"

तिच्याशी खोटं बोलणं सिद्धांतला जमेना. "अण्णांना विचारू," तो म्हणाला.

दिशाने खाली वाकून गणपती काढला, ओढणीने पुसला आणि टीपॉयवर सरळ उभा केला. मग तिने सगळा चहा प्यायला, गंगूबाईंच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी विलासरावांचा फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती.

गावात मात्र बातमी पसरली की बहिरूअण्णांच्या पोराचं जमलेलं लग्न सॉकेटापायी मोडलं. ज्यांच्या घरात लग्नाची पोरं होती ते बॅटऱ्या घेऊन आपापल्या भिंती तपासू लागले. दुधाच्या डेअरीवर एकाने अण्णांना तोंडावरच विचारलं, "अण्णा, भितीचा दोष निघाला म्हनं?"

अण्णा तसेच दयानंदकडे गेले. "चल. समदी फिरवायची."

"मी तवाच म्हणलं हुतं, अण्णा."

"म्हणला हुतास. पण नीट म्हणला न्हाईस."

दयानंद एकेक सॉकेट फिरवू लागला. सिद्धांतची त्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून तो घरीच होता. अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतलं होतं आणि तो सुटलेले स्क्रू ओंजळीत धरून होता. इतक्यात फोन वाजला. त्याने स्क्रू मांडीवर ठेवले आणि पाहिलं. दिशाचा मेसेज होता.

'घरच्यांचा नकार आहे. माझा अजून नाही. रविवारी सकाळी बावधनला चहाला या. एकटे या. कोणाला विचारू नका.'

त्याने तो पुन्हा वाचला. दारातून गंगूबाईंना लेकाचा चेहरा दिसला. तांबडं फुटावं तसा तो उजळत गेला. त्या तिथेच थांबल्या.

सिद्धांतने घसा साफ केला.

"अण्णा, रविवारी जरा बावधनला जाऊन येऊ का?"

गंगूबाईंनी डोळे मिटले.

"कशाला?"

"असंच. काम हुतं."

"रविवारी पिरंगुटचं स्थळ यायचंय. आता घर सरळ झालं, नाव ठेवायला जागा न्हाई. काम पुढच्या वक्ताला."

"बरं," सिद्धांत म्हणाला, आणि फोनवर लिहिलं, 'रविवारी जमणार नाही.'

"कुणाचा रं फोन?" गंगूबाईंनी विचारलं.

"कंपनीतला."

थोड्या वेळाने पलीकडून उत्तर आलं. शब्द नव्हते, नुसता एक अंगठा होता. सिद्धांतला हायसं वाटलं. ती रागावलेली दिसत नव्हती.