देवरावकाकांच्या पन्न्या

देवरावकाकांकडे गेलं की पाणी नंतर मिळतं, आधी हातात पन्नी, म्हणजे पातळ पिशवी, मिळते. "ताण!" म्हणतात. आपण ताणतो, ती फाटते. मग पट्टी लावून ती किती ताणली ते मोजतात आणि नापास पोराकडे बघावं तसं आपल्याकडे बघतात.

माणसं निवृत्तीनंतर तीर्थयात्रेला जातात. आमचे हे शेजारी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी साबुदाण्याची खळ शिजवायला घेतली. थोडं ग्लिसरीन घालून ती स्टीलच्या ताटात पातळ पसरायची आणि गच्चीवर वाळवायची, की झाली कुजणारी पन्नी तयार. मग ती शेजाऱ्यांच्या कुंड्यांत पुरायची आणि रोज उकरून बघायची. "पन्नी मातीत गेली पाह्यजे बाप्पा, नाई तं काय कामाची?" हे त्यांचं पालुपद. माझा गुलाब या संशोधनाला बळी पडला.

एकदा पिपरी मेघेच्या बाजारात त्यांनी हट्टानं मेथी आपल्या पन्नीत घेतली. मेथी ओली. चौकापर्यंत येईतो पन्नीचा तळ सुटला आणि जुडी रस्त्यावर. मी मेथी गोळा करतोय, काका मात्र खूश.

"पाह्यलं? कशी विरघळून राह्यली!"

"अन् भाजी, काका?"

"भाजीचं काय घेऊन बसला!"

परवा काकांनीच वस्तीत प्लास्टिक गोळा करायची मोहीम काढली. घरोघरी जाऊन सगळ्यांना पिडलं. शेवटी मी पोतं घेऊन त्यांच्याच दारी आलो. "आणतो," म्हणून आत गेलेले काका बाहेर येईनात, म्हणून डोकावलो.

पलंगाची गादी वर केलेली, खाली पन्न्यांची चळत. धुतलेल्या, वाळवलेल्या, तिकोनी घड्या घातलेल्या. काकू दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि काका त्यावरून रोज भांडायचे. काकू गेल्या त्याला आता वर्ष उलटलं.

काका पोत्याकडे बघेनात.

"तिच्या हातच्या घड्या हायेत," ते म्हणाले. "एकही उघडली नाई मी." मग हळूच म्हणाले, "ह्या काही कुजत नाईत. पह्यल्यांदा मले त्याचं बरं वाटून राह्यलं."

मी पोत्याचं तोंड बांधलं आणि गादी खाली करायला त्यांना हात दिला.